जत्रेतली गर्दी कॅमेऱ्याने मोजायची, तर सुरुवात कुठून?

“पेटी माणसं मोजंल गं, पर थांबवंल कोण?”

यात्रा कमिटीच्या बैठकीत तात्यांनी हे विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवर हिरव्या चौकटी दाखवण्यात रंगले होते. प्रत्येक डोक्याभोवती एक चौकट, कोपऱ्यात एकूण आकडा. पोरं खूश, सरपंच खूश. तात्यांना मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्या वर्षी जत्रेच्या दिवशी दुपारी दोनला आकडा लाल झाला, तेव्हा समाजमंदिराच्या खोलीत आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. फोन कुणाला करायचा हेच ठरलेलं नव्हतं. पालखी पुढे सरकली, बारी, म्हणजे दर्शनाची रांग, आपोआप सैल झाली, म्हणून निभावलं.

पहिल्या वर्षी मला जी माहिती हवी होती, ती इथे लिहिते आहे. तुमच्या गावात जत्रा किंवा उरूस भरतो, कमिटीत एकदोन जण संगणक जाणणारे आहेत आणि कॅमेऱ्यांनी गर्दीवर लक्ष ठेवावं असं घाटतंय, तर काय, कोणत्या क्रमाने करायचं ते. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर उत्तम. नसलं तरी निम्म्याहून जास्त काम टेप, फक्की आणि बांबूचं आहे.

हा आरोग्याचा प्रश्न कसा

आमचं गाव वाई तालुक्यातलं. मांढरदेवीचा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो. २५ जानेवारी २००५ला काळूबाईच्या यात्रेत तिथे जवळपास ३०० माणसं गेली. अरुंद वाट, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या.

चेंगराचेंगरी म्हटलं की पायाखाली तुडवलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बहुतेक जण गुदमरून जातात. छातीवर सगळीकडून इतका दाब येतो की श्वासासाठी फासळ्या हलत नाहीत, आणि माणूस उभ्या उभ्या जातो. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने अशा दुर्घटनांचा अभ्यास करून लिहून ठेवलं आहे की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पातळ पदार्थासारखी वागू लागते. लाट येते आणि माणूस तिच्याबरोबर फेकला जातो, त्याच्या मनाचं काही चालत नाही. त्या वेळी “ढकलू नका” असं माइकवरून ओरडण्यात काही अर्थ नसतो, कारण कुणी मुद्दाम ढकलतच नसतं.

एवढं झाल्यावर रुग्णवाहिका आत जाऊ शकत नाही, आणि श्वास अडकलेल्या माणसाकडे मिनिटंच असतात. म्हणजे जे करायचं ते आधी. आपल्याला सातचा आकडा पकडायचा नाहीये. चारच्या पुढे जाऊच द्यायचं नाही, यासाठी हा सगळा खटाटोप.

कॅमेरा विकत घेण्याआधी: टेप घेऊन चालून या

जत्रेच्या पंधरा दिवस आधी, रिकाम्या रस्त्यावर, एसटी थांब्यापासून गाभाऱ्यापर्यंत चालत जा. वाट कुठे अरुंद होते, कुठे वळते, कुठे पायऱ्या लागतात, कुठे दोन वाटा एकत्र येतात, ते वहीत लिहा आणि रुंदी मोजा. दुकानांचे ओटे आणि ताडपत्र्यांचे बांबू धरून मोजा. कागदावर आमची गल्ली आठ मीटर होती, जत्रेत ती सहा भरते.

अशा सगळ्या जागांपैकी एखाददुसरीच खरी धोक्याची असते. आमच्याकडे ती देवळाआधीची शेवटची वीस मीटर गल्ली. पहिल्या वर्षी दोनच कॅमेरे लावा, तेही तिथेच. सगळा गाव दिसेल असे सोळा कॅमेरे लावले तर ते कुणीच बघत नाही.

मग वहीतच हिशोब करा. सहा बाय वीस म्हणजे १२० चौरस मीटर. चौरस मीटरला दोन माणसं असतील तर २४० जण, आरामात चालतात. चार झाली तर ४८०, आणि तिथे आपली हद्द संपते. दर्शनाला एका माणसाला पाच सेकंद धरले तर एका रांगेतून मिनिटाला बारा बाहेर पडतात, दोन रांगांतून चोवीस. मागून मिनिटाला साठ येत असतील तर दर मिनिटाला छत्तीस माणसं गल्लीत साठत जातात. २४० वरून ४८० व्हायला सात मिनिटंही लागत नाहीत. आरतीसाठी दर्शन थांबलं तर चारच मिनिटं.

ही चार मिनिटं मी कमिटीच्या फळ्यावर खडूने लिहिली, तेव्हा कॅमेऱ्याचं बजेट मंजूर झालं. हिरव्या चौकटींनी नव्हे.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर

बारी कुठे थांबवायची? अरुंद गल्लीत नक्की नाही. तिथे पुढच्याला अडवलं की मागचा त्याच्या पाठीवर येतो. थांबवायची जागा बरीच आधी हवी, जिथे लोक पसरू शकतील: शाळेचं मैदान, खळं, बाजारतळ. आम्ही मैदानाच्या फाटकावर बल्ल्या आणि दोर लावून ती जागा केली. गल्लीपासून साधारण पन्नास मीटर मागे. सावलीला मांडव आणि पाण्याचे दोन टँकर तिथेच ठेवले, म्हणजे थांबलेला माणूस वैतागत नाही.

आता माणसं ठरवा. फाटकावर एक, ज्याचा शब्द गावात चालतो. आमच्याकडे तात्याच. त्यांच्या हाताशी होमगार्ड आणि तालमीतली पोरं. देवळाच्या मागच्या दारावर एक, जो बाहेरची वाट मोकळी ठेवतो. खोलीत पडद्यापुढे दोघं, आळीपाळीने, कारण तासाभराने डोळे बघतात पण डोक्यात शिरत नाही. माइकवर एक. पोलीस ठाण्याच्या बंदोबस्त अधिकाऱ्यांना ही यादी आधी नेऊन दाखवा. त्यांची संमती नसेल तर फाटक बंद करायचा अधिकारच तुमच्याकडे नाही.

क्रम एकच, आणि तो पाठ हवा: आधी बाहेरची वाट मोकळी, मग फाटक बंद. उलटं केलं तर आतले आतच अडकतात.

वॉकीटॉकीवर लांबलचक बोलायचं नाही. आमचे तीनच शब्द आहेत: “पिवळा” (म्हणजे तयार राहा), “थांबवा”, “सोडा”. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत उच्चारायचा. मोबाइलवर विसंबू नका. हजारो माणसं जमली की टॉवरचा जीव जातो. माइकवरही “चेंगराचेंगरी” हा शब्द कधीच काढायचा नाही. “मंडळी, मैदानात पाणी आणि सावलीची सोय केली आहे, बारी दहा मिनिटांत सुटेल,” एवढं पुरतं.

मग लाल आकडा, म्हणजे ज्यावर “थांबवा” म्हणायचं तो, कितीचा ठेवायचा? इथे नवखे हमखास चुकतात आणि सरळ चारवर लाल लावतात. खोलीतून शब्द गेला, तात्यांनी दोर ओढला, दोर ओढण्याआधी निघालेले गल्लीत पोचले, यात तीन मिनिटं जातात. मिनिटाला साठ धरले तर १८० जण आणखी आत. १२० चौरस मीटरमध्ये १८० म्हणजे मीटरमागे दीड माणूस. चारातून दीड वजा करा. तुमचा लाल अडीचला, पिवळा दोनला. तुमच्या गल्लीचा आकडा वेगळा येईल, पण वजाबाकी हीच.

माहिती असून थांबवायला कुणी नसलं तर काय होतं हे सोलमध्ये दिसलं. २९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री इतेवॉनच्या जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत १५९ जीव गेले. गर्दी जीवघेणी होतेय असं सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६.३४लाच गेला होता, म्हणजे दुर्घटनेच्या साडेतीन तासांहून जास्त आधी. कॅमेऱ्यांचंही तसंच. प्रयागराजच्या २०२५च्या कुंभात गर्दी मोजणाऱ्या संगणकांना जोडलेले कॅमेरे होते, तरी मौनी अमावास्येच्या पहाटे संगमावर माणसं दगावली. प्रशासनाने त्या दिवशी ३० सांगितली.

कॅमेरा कुठे आणि किती उंच

चोर पकडायला लावलेला कॅमेरा आपल्या कामाचा नाही. तो दारावर, खाली, चेहऱ्याच्या दिशेने असतो. त्यात पहिल्या रांगेमागचं काही दिसत नाही. आपल्याला डोकी हवीत. सहा ते आठ मीटर उंची, खाली झुकलेली नजर. शाळेची गच्ची किंवा विजेच्या खांबापासून लांबचा मजबूत लोखंडी खांब. बांबूवर कॅमेरा लावू नका. वाऱ्याने डुलतो आणि चित्रात आखलेली जमीन (ती कशी आखायची ते पुढे सांगते) सरकते.

किती भाग एका चौकटीत घ्यायचा? दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची आडवी रुंदी १९२० पिक्सेल. त्यात बारा मीटर बसवले तर मीटरला १६० पिक्सेल, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या डोक्याला ३२. हे छान. चाळीस मीटर कोंबले तर डोकं दहा पिक्सेलचं होतं, मग डोकं काय आणि नारळ काय.

नारळाची गोष्ट खरी आहे. पहिल्या वर्षी कडेच्या दुकानातल्या नारळांच्या ढिगात आमच्या संगणकाला सकाळपासून चाळीसएक माणसं दिसत होती, दुपारी विक्री झाली तशी ती कमी होत गेली. फुगेवाला आला की गर्दी एकदम वाढायची. उपाय सोपा आहे: चित्रातला दुकानांचा भाग काळा करून टाकायचा, मोजायचाच नाही. खांद्यावर बसलेलं पोर मात्र मोजू द्या. बापाच्या खांद्यावर असलं तरी खाली उतरलं की जागा त्यालाही लागतेच.

दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड केलेला कॅमेरा आंधळा होतो, म्हणून पाठ पश्चिमेला. आणि भंडारा. उधळण सुरू झाली की काचेवर पिवळी साय धरते. ओल्या फडक्याने पुसायला गेलात तर हळदीचा लेप बसतो. कोरड्या मऊ ब्रशने आधी झटकायचं. त्यासाठी शिडी आणि पोरगा दोन्ही तयार ठेवा, पण उधळण ओसरल्यावर. गर्दीत शिडी नाही.

ड्रोनचं काय, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. बॅटरी अर्धा तासही पुरत नाही, परवानग्या वेगळ्या, आणि माणसांच्या डोक्यावर पंखे फिरवायचे. नको.

वीज आणि तार

पटकन सांगते. कॅमेऱ्याला वीज आणि चित्र एकाच तारेतून नेणारा पीओई स्विच घ्या. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, त्यापुढे आणखी एक स्विच लागतो. तार उंचावरून न्या, पालखीच्या आणि सासनकाठ्यांच्या वाटेवरून नाही. खोलीत इन्व्हर्टर. चित्रावरचं सगळं काम खोलीतल्याच संगणकावर करायचं, इंटरनेटवर पाठवून नाही. सेकंदाला एक चित्र तपासलं तरी दोन कॅमेऱ्यांना गेम खेळायचा लॅपटॉप पुरतो. मी भाच्याचा आणला होता.

जमीन आखणं

हा भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

कॅमेऱ्यात जवळची माणसं मोठी दिसतात, लांबची लहान. चित्रातला एक इंच जवळ अर्धा मीटर असतो, तर लांब दोन मीटर. मीटरमागे किती माणसं हे काढायचं तर चित्राची आणि जमिनीची सांगड घालावी लागते. त्यासाठी जमिनीवर एक आयत आखून त्याचे चार कोपरे चित्रात दाखवून द्यायचे. ओपनसीव्ही या मोफत साधनात चार बिंदूंवरून ही सांगड बसवून देणारी आज्ञा तयार आहे.

आयत काटकोनात हवा. गवंड्याला बोलवा, तो तीन-चार-पाचने गुण्या बघून देईल: एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं पाच भरलं की कोपरा बरोबर. फक्कीने रेघा मारा. आयत मोठा घ्या, गल्लीभर. लहान आयतावर बोट जरा सरकलं तर लांबचं माप पार बिघडतं.

पहिल्या वर्षी मी इथवर केलं आणि तरी आकडे चुकले. गल्लीच्या तोंडाशी असलेली माणसं हिशोबात दोन मीटर मागे, थेट पारावर दिसत होती. कारण मी कोपरे जमिनीवर दाखवले होते, आणि गर्दीत जमीन कुठे दिसते? दिसतात ती डोकी, जमिनीपासून दीड मीटर वर. तिरक्या नजरेला उंचावरची वस्तू मागे सरकलेली वाटते. तोडगा शेजारच्या सुतारकाकांनी काढला. दीड मीटरचे चार बांबू कापले, टोकांना लाल चिंध्या बांधल्या, चार कोपऱ्यांवर चार पोरं बांबू सरळ धरून उभी केली. मी चित्रात बांबूंच्या टोकांवर टिचक्या मारल्या. पारावरची माणसं गल्लीत परत आली.

बांबू जपून ठेवा. कॅमेऱ्याला जरा धक्का लागला तरी हे सगळं पुन्हा करायचं असतं.

मोजणारं सॉफ्टवेअर कोणतं

दोन जाती आहेत. पहिली माणूस ओळखून त्याभोवती चौकट काढते. योलो हे त्यातलं सर्वांत माहितीतलं नाव. विरळ गर्दीत ती फार छान चालते. पण ती पूर्ण माणसावर शिकलेली असते. दाटी झाली, फक्त डोकी उरली की निम्मे लोक तिला दिसत नाहीत. म्हणजे धोका वाढतो तसा आकडा फसवत जातो. घ्यायचीच तर फक्त डोक्यांवर शिकवलेली आवृत्ती घ्या.

दुसरी जात चौकटी काढतच नाही. चित्रावर दाटीचा नकाशा रंगवते, आणि त्या नकाशाची बेरीज म्हणजे माणसं. दाट गर्दीला ही बरी. ती ज्यावर शिकते त्या चित्रसंचांतला एक म्हणजे २०१६चा शांघायटेक: १,१९८ फोटो आणि हाताने टिंबं दिलेली सुमारे ३ लाख ३० हजार डोकी. आता बघा, त्यात पांढऱ्या टोप्या किती असतील? फेटे? पदर घेतलेल्या बायका? डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा परडी? म्हणून आपल्या जत्रेचे जुने पन्नाससाठ फोटो काढा, त्यावर टिंबं द्या आणि त्यांवर संगणकाला थोडा आणखी शिकवा. दोन संध्याकाळचं काम. आमच्याकडे बारावीच्या मुलींनी केलं, चहा-भज्यांवर.

आत गेले किती आणि बाहेर आले किती हे मोजून वजाबाकी करायची, हाही एक मार्ग आहे. नाशिकच्या २०१५च्या कुंभात निलय कुलकर्णी या तिथल्याच शाळकरी मुलाने पावलं मोजणारी चटई अशा कामासाठी बनवली होती, कॅमेऱ्याशिवाय. मिनिटाला किती आले हे कळायला हा मार्ग चांगला. मात्र आत किती उरले हे त्यावरून काढू नका. शंभरात दोनचीही चूक दिवसभर साठत जाते आणि संध्याकाळी रिकाम्या गल्लीत शेकडो माणसं उरतात.

ताळा

संगणकाचा आकडा खरा कशावरून? हाताने मोजून. आदल्या दिवशीच्या गर्दीची वीस चित्रं छापून घ्या, विरळ-दाट मिसळून. दोन जणांना वेगवेगळं बसवून पेनाने प्रत्येक डोक्यावर टिंब द्यायला सांगा. मग संगणकाशी ताडून बघा. विरळ चित्रात दहा टक्के चूक चालेल. दाट चित्रात तो सतत कमी मोजत असेल तर लाल आकडा तेवढा खाली ओढा. एका चित्राच्या आकड्यावर कधी निर्णय नको, शेवटच्या दहा सेकंदांतला मधला आकडा घ्या. नाहीतर छत्री उघडली की फाटक बंद.

संगणकच नसेल तर? कागदावर करा. अमेरिकेतल्या बर्कलीत पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६७मध्ये हीच पद्धत सांगितली. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात फरशीचे चौकोन होते. चौकोनातली माणसं मोजायची, चौकोनांनी गुणायचं. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, असे त्यांचे ठोकताळे. आमची हद्द चारची, म्हणजे माणशी पावणेतीन चौरस फूट भरते. यावरून दाट कशाला म्हणतात याचा अंदाज येईल. फक्कीचे चौकोन आणि गच्चीवर एक शांत डोक्याचा माणूस, एवढ्यावरही एक जत्रा निभते.

आकड्यापलीकडे

दाटी तीच, पण माणसं चालत आहेत की थबकली आहेत? पडद्यावर याकडे बघा. चालणारी बारी आधी तुटक होते: चाल, थांब, चाल, थांब, आणि ही थांबण्याची लाट उलटी मागे सरकत येते. जानेवारी २००६मध्ये मक्केजवळ मीना इथे हज यात्रेत तीनशेहून जास्त माणसं गेली. त्या चित्रफितीचा डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा सुरळीत चाल, मग तुटक चाल, मग कुठूनही कुठे फेकली जाणारी गर्दी, असा क्रम दिसला. तुटक चाल सुरू झाली की आकडा काहीही असो, “थांबवा”.

आणि शेवटची खूण. वाऱ्याने जोंधळ्याचं रान लवतं तशी डोकी एकत्र डाव्या-उजव्या अंगाला लवू लागली, तर आता फाटकाने भागणार नाही. मागून माणसं काढायला लागा आणि १०८ला फोन करा.

पाऊस आला तर सगळे आकडे विसरा. लोक छपराखाली थांबतात, वाट बंद होते. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले, ती सकाळही पावसाची होती.

ऊन, पाणी आणि एक मोकळी पट्टी

आमच्या दुसऱ्या वर्षी कॅमेऱ्याचा खरा उपयोग कुठे झाला सांगू? गर्दी मोजण्यात नाही. रुग्णवाहिकेच्या वाटेवर. तीन मीटरची पट्टी आम्ही कागदावर राखली होती. दुसऱ्या कॅमेऱ्याला एवढंच काम दिलं: या पट्टीत काही दोन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहिलं तर सांग. सकाळी दहापर्यंत त्याने अकरा मोटरसायकली, एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि खुद्द ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर दाखवला. दुपारी एक आजी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेत पोचली.

आजींना कॅमेऱ्याने पाहिलं नव्हतं. गर्दीत पडलेला माणूस वरून दिसत नाही, दिसते ती फक्त एक पोकळी. पडलेल्यांना शोधायला आशाताई आणि स्वयंसेवकच फिरते हवेत, ओआरएसची पुडकी घेऊन. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले. तिथे मारलं ते उन्हाने. चैत्रातली जत्रा असेल तर थांबवण्याच्या मैदानात मांडव आधी, कॅमेरा नंतर.

चेहरे

कमिटीत ठराव करा आणि लिहून ठेवा: चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर लावायचं नाही. मोजायला चेहरा लागतच नाही. आम्ही साठवतो ते मिनिटामागचे आकडे. चित्रं सात दिवसांनी पुसतो, काही विपरीत घडलंच तर चौकशीपुरती राखून ठेवू. बायका नदीवर उतरतात त्या घाटाकडे, कपडे बदलायच्या खोल्यांकडे, शौचालयांकडे कॅमेऱ्याचं तोंडही नाही. वेशीवर मराठीत मोठा फलक: इथे गर्दी मोजण्यासाठी कॅमेरे आहेत, चेहरे ओळखले जात नाहीत, तक्रार असेल तर अमुक ठिकाणी भेटा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७च्या पुट्टास्वामी निकालात सांगितलं, आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. पण गावात प्रश्न कायद्याच्या भाषेत येत नाही. तो असा येतो: “ताई, कालची क्लिप द्या की, ग्रुपवर टाकतो.” किंवा, “आमची पोरगी कुणाबरोबर होती तेवढं बघून सांगा.” दोन्हींना नाहीच म्हणायचं, आणि दुसऱ्याला तर तात्यांना पुढे करून. योलो घडवणाऱ्या जोसेफ रेडमनने, आपल्या कामाचा लष्करी वापर आणि खासगीपणाचे प्रश्न मनाला लागल्याने संगणकाच्या डोळ्यांवरचं संशोधनच थांबवल्याचं २०२०मध्ये जाहीर केलं होतं. आपल्या हातात निदान पासवर्ड आहे. तो कमिटीतल्या दोघांकडेच ठेवा, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेला आधी बदला.

जत्रेनंतर

मांडव उतरतो आहे तोवर, दुसऱ्याच दिवशी, बसा. मिनिटामागचे आकडे आडव्या कागदावर काढा आणि त्यावर कधी आरती झाली, कधी छबिना निघाला, कधी फाटक बंद केलं ते लिहा. आमच्या कागदावर तीन शिखरं होती. दोन आरत्यांची. तिसरं सकाळी साडेअकराचं, त्या वेळी काहीच नव्हतं. चित्रं मागे नेऊन बघितली तर वळणावरच्या पेढ्याच्या दुकानात ताजा घाणा निघाला होता. लोक वासाने थबकत होते, आणि त्यांच्यामागे बारी.

दुकानदार म्हणाले, तीस वर्षांची जागा आहे. दोन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी तात्या टेप घेऊन त्यांच्याबरोबर वळणावर गेले, दुकान चार मीटर मागे, पाराच्या बाजूला सरकवायचं ठरलं. पुढच्या वर्षी साडेअकराला कागदावर सपाट रेघ होती. पेढे, दुकानदारांच्या म्हणण्याप्रमाणे, तेवढेच खपले.